झिजलेला सांधा

कोपरीचे लेलेसाहेब सारखा खिसा का चाचपतात, विचारत होतात ना? सांगतो.

साहेबांचा जन्म धातूंच्या संशोधनात गेला. खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधा वापरून किती झिजतो, हा त्यांचा विषय. असा सांधा माणूस गेल्यावरच हाती लागायचा. म्हणून साहेब नातेवाइकांना पत्रं धाडायचे आणि त्यांचा कारकून म्हणून मी ती टाइप करायचो: 'आपल्या दुःखात सहभागी आहोत. सांधा अभ्यासासाठी दिल्यास आभारी राहू.' एकाच पाकिटात सांत्वन आणि मागणी.

गेल्या महिन्यात साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या. अस्थी गोळा करताना स्मशानातल्या माणसाने राखेतून त्यांच्या खुब्याचा सांधा काढून साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी सवयीने तो उजेडात फिरवून पाहिला.

सोबत माझ्याखेरीज त्यांचा जुना विद्यार्थी होता, आता स्वतः प्राध्यापक. तो हळूच म्हणाला, "सर, आठ वर्षं वापरलेला नमुना आहे. प्रयोगशाळेला मिळाला तर..."

"नाही रे." साहेबांनी सांधा रुमालात गुंडाळून खिशात घातला.

रिक्षात त्यांनी मला विचारलं, "आपल्या पत्रांना किती जणांनी उत्तर दिलं होतं?"

"एकानेही नाही, साहेब."

त्यांनी खिसा चाचपला. मग म्हणाले, "टाइप करताना थांबवलंत का नाही मला?"