आप्पांचं जितं यीस्ट

आमच्या घाटनांदूरच्या महिला सोसायटीचं तुमाला सांगितलंच न्हाई. अध्यक्ष म्हनून नाव काकूंचं, कारभार त्यांच्या मालकांचा, म्हंजी आप्पांचा. त्या दुष्काळात गावाला टँकर येत न्हवता, तवा आप्पांना पुण्यातल्या कुत्र्यांची काळजी लागली. त्यांच्यासाठी बिस्किटं करून विकायचं ठरलं. शिकवायला एक मॅडम आल्या.

मॅडम म्हनल्या, "पावाचं यीस्ट जिवंत असतं, ते पीठ फुगवतं. कुत्र्यांसाठी मेलेलं घ्या. ते नुसतं चवीला अन् ताकदीला."

आप्पा म्हनले, "मेलेलं कावून घ्यायचं? सोसायटीच्या यादीत मेलेले मेंबर काय कमी हायत?" अन् त्यांनी जितंच आणलं.

बायकांनी घमेलंभर पीठ मळलं अन् लाइट गेली. भट्टी बंद, वर उन्हाळा. पीठ फुगत बसलं. बाया जेवायला गेलत्या, तेवढ्यात आप्पांच्या सुलतान कुत्र्यानं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. घंटाभरात त्याचं पोट ढोलावानी झालं अन् पाय तिरपे पडाय लागले. आप्पांचं तोंडच उतरलं. पोरावानी जीव होता त्यांचा त्या कुत्र्यावर.

जनावराच्या डॉक्टरांनी पोटात नळी घातली, सलाईन लावलं. म्हनले, "पीठ पोटात आंबलं, त्याची दारू झाली." सांजच्याला सुलतान उठून उभा ऱ्हायला, तवा कुठं आप्पा खाली बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "सगळं ह्यानं एकट्यानंच खाल्लं?"

"व्हय."

"दुसऱ्या कुनाला वास बी लागू दिला न्हाई?"

"न्हाई."

"मग आप्पा, ह्याला संचालक मंडळात घ्या."