तीन घरं, तीन विहिरी

मंडळी, बसा. मागे बायका बसल्यात, त्यांनाही ऐकू जाईल असं बोलतो. बोलणं जड जातंय. रडू आलंय म्हणून नव्हे. आपल्या गोविंद मास्तरांबद्दल चार चांगले शब्द बोलायचं कबूल करून आलो, आणि तेच जमत नाहीये.

माझ्याआधी दोघं बोलले. दोघांनीही मास्तरांना प्रेमळ म्हटलं. म्हणजे दोघांनाही मास्तर गणिताला नव्हते! ज्यांना होते त्यांना ठाऊक आहे. शनिवारी शेवटच्या तासाला फळ्यावर कोडं घालायचे, आपण डोकं खाजवायचो, आणि घंटा झाली की म्हणायचे, "उत्तर उद्या." उद्या रविवार! सोमवारी विचारलं तर, "आज उद्या आहे काय बे?" शाळा तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं.

काल त्यांचं उत्तरकार्य झालं. त्या घरात उत्तर म्हणून काही झालं असेल, तर तेवढंच.

हसू नका. एक कोडं मलाही घातलं होतं. मी वीस वर्षांचा होतो. मास्तरांची यमू मला आवडायची. आज सगळ्यांसमोर सांगतो, फार आवडायची. माझ्या आत्यानं मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तरांनी मला ओसरीवर बोलावलं, पाटी पुढे ठेवली. तीन घरं, तीन विहिरी. तिन्ही घरांचं आपसात हाडवैर. प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट काढायची, पण एकही वाट दुसरीला ओलांडता कामा नये. म्हणाले, "काढून आण. मग पत्रिका पाहू."

दोन वर्षं, मंडळी! आठ वाटा निघायच्या, नववी अडायची. पाटीवर काढल्या, अंगणात कोळशानं काढल्या, आत्याच्या पोळपाटावर पिठात काढल्या. नववी अडायचीच. रोज नवी पाटी घेऊन ओसरीवर जायचो, आणि मास्तर मान हलवायचे. यमूचं लग्न झालं, ती जबलपूरला गेली. तरी मी वाटा काढतच बसलो.

शेवटी विचारलंच. मास्तर संत्रं सोलत होते. म्हणाले, "त्याले उत्तरच नाही. 'हे होत नाही' इतकंच म्हटलं असतं, तर त्याच दिवशी पोरगी दिली असती तुले. तुले तर 'नाही' म्हणताच येत नाही गा." आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली.

काय माणूस होता! कसाई बरा. आणि मी? मी ती फोड खाल्ली.

तेव्हापासून मास्तरांना शिव्या घालत आलो. आज इथंही घालणार होतो. पण काल पंगत उठल्यावर यमूताई समोर आल्या. आता मागे बसल्या आहेत, त्यांच्या देखतच सांगतो. म्हणाल्या, "ते विहिरीचं कोडं बाबांनी आधी मलेच घातलं होतं. मी एका दुपारी पाटी परत दिली. म्हटलं, हे होत नाही."

मी ओरडलोच, "मग मले काहून नाही सांगितलं वं?" ताई म्हणायचंही सुचलं नाही.

"दोन वर्षं तुम्ही ओसरीवर येत होते. मी पाणी आणून देत होते. तुम्ही मले एकदा तरी काही विचारलं काय?"

मास्तर, तुम्हाला आता शिव्या नाहीत. नमस्कार घ्या.

मंडळी, उभे राहा. दोन मिनिटं गप्प राहायचं आहे. मला जड जाणार नाही. मी दोन वर्षं राहिलोय.