तपासले, ठीक

...आणि हे रांगेतून हळूच मागे सरकणारे महाशय, हो, तुम्हीच, कुठं निघालात? घाईची लागली म्हणता? अहो, तेही आत रक्त घेणाऱ्या बाईंना सांगा, या पुढे. तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं लिफ्टची देखभाल केली मी, लिफ्ट बंद पडल्यावर बोलावणाऱ्यांना शंभरदा झापलंय, की बाबांनो, चालू असतानाच तपासून घ्या, दोर तुटायच्या आधी झिजतो आणि झिजताना आवाज करत नाही... हे तोंड वर करून सांगणारा मी, आणि माणसाच्या बाबतीत काय केलं? तपासले, ठीक.

हे दोन शब्द कुठले ते ऐका. प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड असतं, दर महिन्याला भरायचं, आणि काम जोडीनं. माझा जोडीदार पाना. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं हो, पण खिशात पाना नसला तर त्याला अंगात कपडे नसल्यासारखं वाटायचं, म्हणून पाना. एक जण वर मोटारीपाशी, एक जण खाली खड्ड्यात, हात ग्रीसनं बरबटलेले, मग आमचा नियम असा, की ज्याचे हात स्वच्छ त्यानं दोघांच्या वतीनं लिहायचं. वरून हाक यायची, "दोर पाहिला रे, लिही." मी लिहायचो. तपासले, ठीक. कधी खोटं लिहिलं नाही. पाना म्हणाला पाहिला, म्हणजे पाहिलेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी कंपनीत असंच हे रक्त घेणं आलं. पन्नाशीच्या वरच्या पुरुषांची प्रोस्टेटची तपासणी. पाना म्हणे, "असला पार्ट आपल्याला बसवलाय हे कुणी सांगितलंच नाही." डॉक्टरीणबाई बिचाऱ्या समजावत होत्या, मूत्राशयाच्या खाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिथला कॅन्सर सुरुवातीला बहुधा काही जाणवू देत नाही, रक्तातला आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण पुढं तपासता येतं... आणि आम्ही दोघं मागे उभे राहून शाळकरी पोरांसारखे फिदीफिदी हसतोय. मी रक्त दिलं तेही बायकोमुळे. तिनं डबा देतानाच बजावलं होतं, "सुई टोचल्याची खूण दाखवल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही." मी हात धुऊन निघालो, पाना वर मोटार उघडून बसलेला, आणि वरून नेहमीची हाक, "माझ्या नावापुढं पण लिही रे, हात खराब आहेत माझे." तपासणीला कोण कोण गेलं त्या यादीत आमची दोन नावं एकाखाली एक. ऑफिसला यादी भरलेली हवी होती, माझे हात स्वच्छ होते... लिहिलं. दोघांपुढं. तपासले, ठीक.

माझा आकडा वाढलेला निघाला. मग स्कॅन, मग तुकडा काढून तपासला, कॅन्सर. पण ग्रंथीच्या आतच होता, बाहेर गेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात." ऑपरेशन झालं, पुढचे काही महिने लंगोटातल्या बाळासारखी गत झाली, त्याचं काय एवढं, सुटलो. पाना भेटायला आला, खाटेवर बसून म्हणतो कसा, "तुझ्यात बिघाड निघाला बघ, माझा तर रिपोर्टसुद्धा आला नाही. म्हणजे आपण फिट." तेव्हा मी म्हणायला हवं होतं, गाढवा, तू रक्तच दिलेलं नाहीस, ऊठ, आत्ता दे. म्हणालो का? हसलो. टाके दुखेपर्यंत हसलो.

वर्षभरानं त्याची कंबर धरली. खड्ड्यात वाकून वाकून आमच्यातल्या कुणाची कंबर दुखत नाही? तेल चोळलं, पट्टा बांधला, आणखी चार महिने गेले. रोग माझाच निघाला, पण त्याचा हाडांत पोचलेला. मी डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी रक्त दिलं असतं तर? म्हणाले, "खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. पण संधी मिळाली असती." संधी... ती मी दोन शब्दांत भरून टाकली होती.

शेवटी पानाला सांगितलं, यादीत ठीक मी लिहिलं होतं. वहिनी चहा ठेवून गेल्या, माझ्याकडे पाहिलं नाही. पाना म्हणाला, "मीच लिही म्हणालो होतो. पण एक कर, यापुढं मी पाहिला म्हटलं तरी वर चढून दोर बघत जा." आता कोण म्हणणार पाहिला म्हणून? गेल्या महिन्यात पोचवून आलो त्याला.

म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त द्यायला इथं येतो आणि तुमच्यासारख्यांचं डोकं खातो. पन्नाशी आली की डॉक्टरांशी बोला, बापाला किंवा भावाला झाला असेल तर त्याच्याही आधी. आणि शेजाऱ्याला म्हणू नका, माझ्यापण नावापुढं लिही.

हं, बाई, आलो, माझाच नंबर. काय म्हणता, कसे आहात काका? ...ते तुम्ही तपासून सांगा. मी लिहायचं सोडलंय.