दहा पोरांची बाटली

पायाला पट्टी बांधून घ्यायला मी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या टेबलाशी नर्स होती आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई; तिच्यामागे तशाच आणखी दोघी.

“पुढच्या मंगळवारी या. आज तुम्ही तिघीच आहात.”

“गेले तीन मंगळवार हेच ऐकतेय, सिस्टर. दोन तास चालत येते मी.”

“अहो, गोवराच्या एका बाटलीत दहा पोरांची लस असते. एकदा उघडली की उरलेली संध्याकाळी फेकून द्यावी लागते.”

“पण लस फुकटच आहे ना?”

“फुकट आहे म्हणून वाया घालवायची? साहेबांना काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. जाब मला द्यावा लागतो.”

“बरं.”

“आणि मागच्या वेळी तुम्ही चौघी होतात. तुमची ती शेजारीण कुठंय, हिरव्या टोपड्यातल्या पोरीची आई?”

“ती आता नाही यायची.”

“बघा! इतक्यात कंटाळली. मग दहा पोरं जमणार कशी?”

“कंटाळली नाही. पोरगी गेली तिची परवा. गोवरानंच.”

नर्सने उठून फ्रीज उघडला.

“बसा. बाही वर करा त्याची.”

“पण आज तर आम्ही तिघीच आहोत, सिस्टर.”