टँगोत देश बसवताना

...नाही, तुम्हीच सांगा, टँगोत देश घालायचा तरी कुठे? जागा आहे का तिथे? एका ओळीत आई, दुसऱ्या ओळीत सोडून गेलेली बाई, उरलेल्या ओळींत कोपऱ्यावरचं कॅफे! उभा जन्म टँगो लिहितोय, तुम्हाला सांगतो, एक गाणं कधी स्टेजवर चढलं नाही. आणि आता चढायची वेळ आली, तर ब्वेनोस आयर्समधल्या आमच्या बाराकास वस्तीच्या क्लबाचे अध्यक्ष फागुंदेस म्हणतात (नाकातून बोलतात हो, सर्दी नसली तरी), "पंचवीस मेच्या राष्ट्रीय सणाला यंदा तुझाच टँगो! पण मातृभूमी पाहिजे हं! रडगाणं आणलंस तर सरळ लष्करी बँडची रेकॉर्ड लावीन!" मी म्हटलं, घालतो की मातृभूमी, त्यात काय एवढं... पण टँगोला सांगणार कोण?

बसलो लिहायला. पहिलं कडवं झकास! झेंडा, नगारे, शूर शिपाई अँडीज चढतोय... दुसऱ्या कडव्यात बर्फ लागलं. बर्फ म्हटल्यावर थंडी, थंडी म्हटल्यावर आईच्या हातचं सूप, झालं, शिपाई डोंगरावर बसून ढसाढसा रडायला लागला! बरं, म्हटलं, तिसऱ्यात जिंकून परत आणू. आणला. तर घराला कुलूप, आणि त्याची रोसाउरा वाण्याबरोबर पळालेली! मी नाही हो पळवली, आपली आपण गेली! आमची एल्वीरा, माझी बायको, तीच गाणार होती, ती कागद वाचून म्हणते, "अहो, यात शत्रू कुठाय?" म्हटलं, वाणी!

पण मला चैनच पडेना. असं होतं का? मी तर झेंड्यापासून सुरुवात केली होती! गेलो नेमेसियोकडे. तो आमचा बंदोनियोनवाला, टँगोची ती भात्याची पेटी वाजवणारा. म्हटलं, एक कडक सलामी वाजव बघू. त्यानं भाता ओढला... हुंदका! पुन्हा ओढला... पुन्हा हुंदका! म्हणाला, "लेका, तुझा आजा कुठला?"

"जेनोआचा."

"माझा स्पेनमधला, गालिसियाचा. ब्वेनोस आयर्सला बोटीतून उतरले ते मागं बघत बघतच ना? आपल्याकडे देश म्हणजे काहीतरी मागं राहिलेलं, गाढवा! त्याची आठवण काढलीस की हा भाता रडतो, त्याला मी काय करू?"

पटलं हो, पार काळजात जाऊन पटलं. माझा आजासुद्धा संध्याकाळी बंदराकडे तोंड करून बसायचा... पण अध्यक्षांना सांगणार कोण?

पंचवीस मे उजाडला. छातीवर निळ्या-पांढऱ्या फिती, पुढ्यात मक्याचा गरमागरम रस्सा, आणि पहिल्या रांगेत फागुंदेस, मांडीवर ती रेकॉर्ड! एल्वीरानं सुरुवात केली. झेंडा... चमच्यांचा खणखणाट! नगारे... एक बाई शेजारणीला विचारते, "मीठ आहे का गं?" मी म्हटलं, संपलं! मग आलं आईचं सूप. चमचे थांबले. मग आलं ते कुलूप... आणि काय सांगू, अख्खा हॉल राष्ट्रगीताला राहतो तसा उभा राहिला हो, हात छातीवर! सगळ्यांत आधी फागुंदेस, रेकॉर्ड काखेत, डोळ्यांना धारा!

नंतर भीत भीत गेलो. म्हटलं, "साहेब, मातृभूमीचं जरा..."

त्यांनी फर्रकन नाक शिंकरलं. म्हणाले, "वा! याला म्हणतात देश! आता दर वर्षी हेच. फक्त ते पहिलं झेंड्याचं कडवं तेवढं गाळ. उगीच देशप्रेमाच्या आड येतं."

गाळलं. करता काय!