सासूबाईंच्या वजिराला नेट मिळेना

...आणि वर मलाच म्हणतात, 'घाई करायची नाही!' आता घाई म्हणजे काय, तुम्हीच सांगा! घराला आग लागली ना, तरी आमचे हे आधी बादल्या शेजारी शेजारी ठेवून बघतील, कुठल्या बादलीची कडी मजबूत, कुठलीचं बूड जाड... हसताय काय? बाटल्यांच्या कारखान्यात झाकणं तपासतात ते. दिवसभर तेच, झाकण बसतंय का, गळतंय का, हलवून बघ, उलटं करून बघ. तिथे त्यांना झाकणसाहेब म्हणतात. बरं, म्हणू देत! पण झाकणसाहेब घरी आल्यावर सुद्धा झाकणसाहेबच राहतात, त्याचं मी काय करू?

तर झालं काय, आमच्या सासूबाई बुद्धिबळ खेळतात. वेळ जावा म्हणून नव्हे हो, समोरच्याचा जीव जावा म्हणून! मागच्या खोलीत मोठा कॉम्प्युटर आहे, त्यावर, कारण फोनवर त्यांना उंट आणि प्यादं सारखंच दिसतं. नेटची वायर बाहेरच्या खोलीतून दाराखालून यायची. यांनी कपाट सरकवलं, अर्थात पूर्ण अभ्यास करून सरकवलं, आणि कपाटाचा पाय बरोब्बर त्या वायरीवर! झालं, वायर आतून तुटली, नेट गेलं. आणि तिकडे सासूबाईंची ज्येष्ठांची स्पर्धा ऐन रंगात. प्रत्येकाशी दोन दोन डाव, आणि नेट गेलं की डाव गेला, असा नियम.

मी म्हटलं, "अहो, त्या कॉम्प्युटरला वायफाय पकडायला एक ॲडॅप्टर लागतं म्हणे. दुकानात जा, घ्या, लावा."

"घाई करायची नाही!"

बसले की चष्मा लावून फोनवर लोकांचे अभिप्राय वाचत! एकानं लिहिलेलं, 'अप्रतिम, पाच चांदण्या, अजून खोका उघडला नाही.' हे म्हणाले, "हा माणूस विश्वासाचा नाही." बरं बाई, नाही. दुसऱ्यानं दिली एकच चांदणी, का, तर रंग आवडला नाही. टेबलाखाली खुपसायच्या वस्तूचा रंग! तर हे म्हणतात कसे, "बघ, हा बारकाईनं बघणारा दिसतोय." आणि तोवर ती म्हातारी बाई फोनवर भिंग धरून खेळतेय आणि उंट समजून वजीर बळी देतेय!

शेवटी सासूबाईच कडाडल्या, "अरे, तुझ्या वडिलांनी मला एकदा बघितलं आणि लग्न ठरवलं. तुला एक खुंटी निवडता येईना?"

आणि आमचे हे, तंद्रीत, पडद्यावरची नजर न काढता, "हो ना, बाबांनी घाईच केली."

...

त्या दिवशी सासूबाईंनी चहा फक्त स्वतःपुरता केला.

मग माझ्या भावानं डोकं चालवलं. "भावोजी, नखाएवढं मिळतं. खुपसायचं आणि विसरायचं." आणलं. खुपसलं. विसरायची सोय नव्हती हो, कारण ते असं तापायचं की हाताला चटका! आणि नेट कसं यायचं, तर घाईतल्या पाहुण्यासारखं. यायचं, टेकायचं, चहा होईपर्यंत पसार! त्यात डाव लागला कुणाशी, तर कप्तानाशी. म्हणजे जहाजावरचा निवृत्त कप्तान, स्पर्धेत पहिल्या नंबरावर. सासूबाईंनी त्याला असा कोंडला, असा कोंडला, आता पुढच्या खेळीत मात... आणि पडद्यावर ते गोल गोल चाक! मग पाटी आली, 'खेळाडू उपस्थित नाही.' अहो, उपस्थित नाही? खुर्चीत बसून ती बाई कॉम्प्युटरच्या सात पिढ्या उद्धरत होती! आणि कप्तानाचा निरोप काय, 'बाई, पळालात वाटतं?'

सासूबाई जेवल्या नाहीत. आणि हे? ताटावरून उठले, आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन नुसते उभे राहिले. मग मला म्हणाले, "बघितलंस? म्हणून म्हणतो, घाई करायची नाही."

दुसरं आणलं ते स्वतः निवडून. दोन लांब मिशा, नाकतोड्यासारखं, लांब वायर, पायावर उभं राहणारं. पण ते चालायला सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ते दिलेलं सीडीवर, आणि कॉम्प्युटरला सीडीची फटच नाही! मदतकेंद्राला फोन लावला, तर तिकडची बाई मंजुळ आवाजात, "सर, ते आमच्या वेबसाइटवर आहे." हे म्हणतात, "नेट नाहीये हो." "सर, नेट का नाही, ते पण वेबसाइटवर आहे." म्हणजे विहिरीतून पाणी काढायला दोर हवा, आणि दोर कुठे, तर विहिरीत! शेवटी ते माझ्या फोनवर उतरवलं, वायरीनं तिकडे ढकललं, आणि नाकतोड्याचा दिवा लागला.

आता संपलं म्हणता? छे! तपासणी राहिली ना! दार उघडून बघ, लावून बघ, मिक्सर चालवून बघ. मला म्हणाले, "तू जरा मधे उभी राहा, जाडीचा फरक पडतो का बघू." जाडीचा! उभी राहिले हो, काय करते. नेट हललं नाही. यांचा चेहरा असा खुलला, आमच्या लग्नात सुद्धा इतका खुलला नव्हता.

आणि परतीचा डाव! समोर तोच कप्तान. सासूबाई केस विंचरून बसल्या, हे मागे श्वास रोखून, मी दारात. नेट कसं, खांबासारखं! चाक नाही, पाटी नाही, काही नाही. आणि कप्तानानं आधी घोडा मारला, मग हत्ती, मग वजीर... सासूबाई एकदा डावाकडे बघतात, एकदा त्या हिरव्या दिव्याकडे. दिवा आपला लखलखतोय! मात झाली. नीट, स्वच्छ, एकदाही न अडखळता मात झाली.

मग हे हळूच म्हणाले, "आई, नेट मात्र गेलं नाही हं."

तर सासूबाई वळल्या, "जिंकत होते तेव्हा जायचं मेलं! आज हरत होते, आज जायला काय झालं होतं? मला असलं नको. वेळप्रसंग ओळखून बंद पडेल असं बघ."

"बघतो," हे म्हणाले. अहो, खरंच म्हणाले! चष्मा पुसायला सुद्धा लागले!

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "त्यात बघायचं काय? हरायला लागलं की भिंतीवरचं बटण बंद करायचं!"

तर मायलेक दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मी घरफोडी करताना सापडलेय, आणि एका सुरात म्हणाले...

"छे! तो रडीचा डाव झाला!"