तिसरीच्या भिंतीवरच्या आया

(शाळा सुटली आहे. तिसरीच्या वर्गात मुख्याध्यापक कोंडीबा गुरुजी आणि वर्गशिक्षिका नर्मदाबाई. भिंतीशी चुन्याची बादली.)

गुरुजी : अहो, हे तर अजूनच लाल व्हायलंय! दुसरा हात मारला तर आणखी लाल.

नर्मदाबाई : तिसरा मारून बघा.

गुरुजी : चेष्टा नको, बाई. एवढीशी टिकली झाकायची होती, आता सगळं तोंड लालभडक झालं. काय कालवलंय ह्या चित्रांत?

नर्मदाबाई : वसमतची हळद. मुलांनी बाभळीच्या काड्या चावून कुंचले केले आणि हळदीनं आपापली आई काढली. हळदीला चुना लागला की ती लाल होते. टिकल्या तशाच तर केल्या. चुना तुमच्याच डबीतला होता.

गुरुजी : अन् मी बादलीभर चुना कालवला तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?

नर्मदाबाई : विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही तर ब्रश घेऊनच आत आलात.

गुरुजी : सतरा आया आहेत भिंतीवर. सतराच्या सतरांना टिकल्या लावा, माझं काय जातं? पण गोजरबाईचा नवरा बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर वारला. तिला कुंकू लावलेलं बघून तिचा दीर जळबा सकाळी अंगावर धावून आला. ‘आज दिवस मावळायच्या आत पुसा, न्हाईतर मिराचं नाव शाळेतून काढतो.’ बराबर हेच शब्द.

नर्मदाबाई : टिकली मिरानं लावली. स्वतःच्या आईला.

गुरुजी : तुम्ही अडवायचं होतं.

नर्मदाबाई : का अडवायचं? सगळ्यांनी पळसाच्या पानावर हळद-चुना कालवला, तसा तिनंही कालवला. सगळ्यांत चांगला रंग तिचा उतरला. आणि मी तिला म्हणू, की बाळ, हा प्रयोग तुझ्या आईला लागू नाही? नाही म्हणणार मी. माझी बदली करा हवी तर.

गुरुजी : तुमच्या बदलीनं माझी तकलीफ मिटती का? पोरगी हुशार आहे हो. एकदा घरी बसवली की पुन्हा यायची नाही. मला काय हौस आहे चुना फासायची?

गोजरबाई : गुरुजी, आत येऊ का?

गुरुजी : या, गोजरबाई. या. रागावू नका, मी पुसायलाच घेतलं होतं, पण...

गोजरबाई : ही म्या हाय व्हय?

नर्मदाबाई : हो. मिरानं काढलीय.

गोजरबाई : नाक न्हाई जमलं पोरीला. पण ह्या कानातल्या कुडक्या... ह्या तर दुष्काळातच मोडून खाल्ल्या आमी. पाच वर्साचं लेकरू व्हतं तवा. याद हाय तिला?

नर्मदाबाई : तुम्ही तेव्हा जशा होता, तसंच काढलंय तिनं.

गुरुजी : बाई, ह्यावर काही उपाय असेल तर सांगा. ह्या वेळी विचारतोय मी.

नर्मदाबाई : आहे. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं होतं. लपवत नाही मी. पण पिळायचं तर ते ह्यांनी. माझ्या हातून होणार नाही.

गुरुजी : झालं तर मग! गोजरबाई, पिळून टाका. जळबाचं तोंड बंद होईल अन् पोरीची शाळा चालू राहील.

गोजरबाई : अन् मिरानं इचारलं, माय, तुला काहून पुसलं, तर म्या काय सांगू?

गुरुजी : अहो, लेकरू आहे ते. विसरून जाईल.

गोजरबाई : कुडक्या इसरली का? राहू द्या तसंच. घरात तीन वर्सं झाली खाली मान घालून जगून राहिले म्या. हितं तरी वर बघून बसले हाय.

गुरुजी : अन् जळबा?

गोजरबाई : त्याच्याच दारातून आले. समदी गल्ली ऐकत व्हती. म्हणलं, रानात निंदायला म्या जाते, पोरीला पाटी म्या घेतली, ती शाळा सोडंल का न्हाई ते तुमी कोण ठरवणार? पहिल्यांदाच बोलले.

गुरुजी : बोललात ते बरं केलं. पण रजिस्टरात पालक तो आहे. उद्या त्यानं अर्ज दिला तर मला नाव कमी करावंच लागेल.

गोजरबाई : मंग माझं नाव लिव्हा.

गुरुजी : असं कसं? रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.

गोजरबाई : भिंतीवर चालती?

नर्मदाबाई : गुरुजी, मी दौत आणते.

गुरुजी : थांबा हो. तपासणीला कुणी आलं, तर जाब मला विचारतील.

नर्मदाबाई : खाली माझीही सही घ्या. दोघांना विचारतील.

गुरुजी : ...आणा. लाल शाई तेवढी आणू नका, आजच्यापुरतं लाल पुरे झालं. गोजरबाई, बसा. मिरा... हे बघा, सापडलं. ह्या रकान्यात नातं लिहायचं असतं. इथं ‘चुलता’ लिहिलंय.

गोजरबाई : ते कापा. माय लिव्हा.

गुरुजी : बरं. लिहितो.

गोजरबाई : अन् लिव्हून झालं की, गुरुजी, एकदा वाचून दाखवा.